बासरी ऐकू येतेय का?
अरेंजर कीबोर्ड घेतला की वाटतं आता अख्खा वाद्यवृंद आपल्या ताब्यात, डाव्या हाताने कॉर्ड (दोन-चार सूर एकदम) धरायची, उजव्याने धून वाजवायची, बाकी ड्रम्स, बास, गिटार वगैरे मशीन बघून घेईल. बघून घेतं हो, पण आपल्यालाच! स्टाइल, म्हणजे मशीनची तयार साथ, चालू केली की ड्रम्स असे काही आदळतात की आपण उजव्या हाताने बासरीच्या आवाजात वाजवतोय हे फक्त आपल्या बोटांना माहीत.

मग मिक्सर उघडायचा, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करायची स्क्रीन. बऱ्याच मॉडेलात स्टाइलचेच आठ भाग असतात, दोन रिदम, बास, दोन कॉर्ड, पॅड (मागे लांबलेले सूर), दोन फ्रेज (मधूनमधून येणारे छोटे तुकडे), आणि वर आपले राइट-लेफ्ट आवाज वेगळेच. प्रत्येकाला 0 ते 127 आकडा. (1983 ला मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची आपापसातली आकड्यांची भाषा, आलं तेव्हा एका आकड्याला सात बिट दिले, म्हणून 128 पायऱ्या.) बासरी दबतेय म्हणून 110, तरी दबतेय, 120, मग 127, आणि आता पुढे जाणार कुठे? म्हणजे उरलेल्या सगळ्यांना एकेक करून खाली बसवत सुटायचं, जे खरं तर आधीच करायला हवं असतं. ड्रम्स 80 वर आणले, जरा बरं वाटलं, तेवढ्यात व्हेरिएशन डी (त्याच स्टाइलचा सगळ्यात भरगच्च प्रकार) दाबलं आणि इतका वेळ गुपचूप बसलेलं फ्रेजमधलं ब्रास एकदम अंगावर आलं. तेही खाली केलं. मग सहज वन टच सेटिंगला, म्हणजे स्टाइलला शोभतील असे तयार आवाज लावणाऱ्या बटणाला, बोट लागलं आणि उजव्या हाताचे सगळे आवाज परत फॅक्टरीच्या आकड्यांवर, बासरीच्या जागी भलतंच काहीतरी. रजिस्ट्रेशनमध्ये (आपली सगळी जुळवाजुळव साठवायची मेमरी) सेव्ह केलं नसेल तर बसा रडत.

सेव्ह केलं तरी सुख नाहीच. रात्री हेडफोनवर जुळवलेला बास सकाळी कीबोर्डच्या चिमुकल्या स्पीकरवर गायब असतो, म्हणून वाढवावा तर मोठ्या सिस्टिमला जोडल्यावर खिडक्या थरथरतात. त्यात कानही फितूर. आवाज कमी असला की खालचे सूर आपल्याला जास्तच कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून ठेवलंय, म्हणजे घरच्यांची झोप सांभाळून केलेला बॅलन्स मोठ्या आवाजात टिकणारच नाही.

एवढं करून सगळं जुळत आलं की कोणीतरी येतं, मिक्सरकडे बघतसुद्धा नाही, सरळ मास्टर व्हॉल्यूम पिळतं आणि म्हणतं, "हां, आता कसं भारी वाटतंय!" आणि च्यायला, खरंच भारी वाटत असतं.