सर्जनचं अर्धं काम थिएटरच्या बाहेर असतं

ऑपरेशन किती तास चाललं, टाके किती पडले, एवढ्यावरच आपण सर्जनला मोजतो आणि हे मला खरंच खटकतं.

बायपासचंच बघा. आधी एक गोंधळ दूर करू, अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी आतून फुग्याने रुंद करणं, हे करतात ते कार्डिओलॉजिस्ट आणि बायपास करतात ते कार्डियाक सर्जन, दोघं वेगळे. पायातली शीर नाहीतर छातीतली धमनी घेऊन ब्लॉकेजच्या पुढे जोडायची, तीही जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या रक्तवाहिनीला, केसासारख्या बारीक धाग्याने! बऱ्याचदा त्यासाठी पोटॅशियमचं द्रावण देऊन हृदय चक्क थांबवतात आणि तेवढा वेळ रक्त फिरवायचं काम हार्ट-लंग मशीन करतं. हे मशीन लावून पहिलं यशस्वी ओपन हार्ट ऑपरेशन १९५३ मध्ये अमेरिकेत जॉन गिबन यांनी केलं, त्याआधी कितीतरी वर्षं ते याच मशीनच्या मागे होते.

हे सगळं थोर आहेच, पण राउंडला काय चालतं तेही बघा ना. फुप्फुसाचं ऑपरेशन झालं की छातीतून एक नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडतात. सर्जन येतात, पेशंटला म्हणतात जरा खोका, आणि नजर त्या बाटलीवर. बुडबुडे आले म्हणजे फुप्फुसातून हवा अजून गळतेय, नळी आज काढायची नाही.

आणि जनरल सर्जन! आतड्याला अडथळा आलेला पेशंट, त्यात आधीच्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असतील तर पुष्कळदा नाकातून नळी टाकून, सलाईन लावून वाट बघतात, कारण ते आपोआप सुटू शकतं. पण आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते सडतं, म्हणून पुन्हा पुन्हा येऊन पोट दाबून बघायचं, नाडी बघायची, ताप बघायचा. आणि बाहेर नातेवाईक म्हणतात, डॉक्टर काहीच करत नाहीत! अहो, हातात चाकू असताना थांबायचं आणि नेमक्या वेळी थांबणं सोडायचं, माझ्या मते यापेक्षा अवघड काम नाही.

म्हणून सर्जनना भेटाल तेव्हा ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, हे नक्की विचारा, चांगले सर्जन चिडत नाहीत, नीट समजावून सांगतात. आणि दुसऱ्या दिवशी दुखत असतानाही चाला म्हणाले तर राग मानू नका, पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि छातीत कफ साठतो, ते टाळायलाच उठवतात.