पिवळ्या दिव्याखाली अंधार

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की गाडीतला प्रत्येक जण इंजिनिअर होतो. मागच्या सीटवरून ‘पेट्रोलमध्ये पाणी असेल’, शेजारून ‘काही होत नाही, चालव तशीच’, आणि गॅरेजात पोचल्यावर अंतिम निकाल: ‘सेन्सर गेलाय.’ कुठला, हे विचारायचं नसतं. विचारलंच तर ‘मेन सेन्सर’ असं उत्तर मिळतं. असा सेन्सर कुठल्या कारखान्यात बनतो, हे मला अजून कळलेलं नाही.

या निकालावर अपील करायची सोय गाडीतच असते. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना आणि आपल्याकडे २०१३ पासून बीएस-४ या प्रदूषण-नियमांतल्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले बिघाड आपणच नोंदवून ठेवायची पद्धत, सक्तीची झाली. तिचं सोळा पिनांचं सॉकेट स्टिअरिंगपासून दोन फुटांच्या आत असतं. दिसत मात्र नाही. त्यासाठी डोकं पेडलांपाशी आणि पाय दाराबाहेर अशी अवस्था पत्करावी लागते आणि येणारे-जाणारे ‘चावी हरवली का?’ असं विचारतात. ४ आणि ५ नंबरची पिन अर्थ, १६ नंबरला बॅटरीचे बारा व्होल्ट, ६ आणि १४ वर कॅन बस, म्हणजे गाडीतल्या संगणकांची आपापसात बोलायची तारांची जोडी.

तिथे ईएलएम३२७ जातीचा डोंगल, म्हणजे गाडीचं बोलणं लॅपटॉपपर्यंत पोचवणारी डबी, लावायचा, ब्लूटूथचा पासवर्ड बहुधा १२३४. लॅपटॉपने ‘०१ ०सी’ असं विचारलं की गाडी म्हणते ‘४१ ०सी ०सी ८०’. हे आकडे दहाऐवजी सोळाच्या हिशेबात (हेक्स) असतात, त्यामुळे शेवटची दोन पदं म्हणजे १२ आणि १२८. बारा गुणिले २५६ अधिक १२८, झाले ३२००. भागिले चार, म्हणजे आयडलिंग ८०० आरपीएम. ‘०१ ०५’ला कूलंटचं तापमान येतं, त्यातून चाळीस वजा करायचे. उणे चाळीसपर्यंतची ही तरतूद नागपूरकराला मे महिन्यात वाचून तेवढाच गारवा.

इथवर इंजिनाला काहीही धक्का लागत नाही. पण डोंगल हा एका खिडकीवरचा कारकून आहे: एक अर्ज, एक उत्तर, पुढचा या. दहा आकडे एकदम मागितले तर प्रत्येकाची पाळी सेकंदाभराने येते आणि मधला झटका दिसतच नाही. शिवाय १६ नंबरची पिन चावी काढल्यावरही जिवंत असते. डोंगल ५० मिलिअँपिअर ओढत राहिला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात झोपते.

झटकाच पाहायचा तर थेट सेन्सरच्या वायरीला हात घालावा लागतो, आणि खरी पंचाईत इथे सुरू होते. चावी ऑन असताना कूलंट सेन्सरचा कपलर उपटला की बऱ्याच गाड्यांचा पंखा पूर्ण वेगाने ओरडू लागतो आणि नवा कोड, म्हणजे बिघाडाचा नंबर, जमा होतो. टेस्ट लॅम्प तर इथे आणूच नये. तो शेकड्यांनी मिलिअँपिअर खातो, आणि ही वायर दोन-पाच मिलिअँपिअरवर जगणारी. वायरीला टाचणी भोसकली तर पहिल्या पावसात आत हिरवा गंज. कपलरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन सरकवायची आणि दहा मेगाओमचा, म्हणजे वायरीतून जवळजवळ काहीच न ओढणारा मीटर लावायचा.

सेन्सरचे व्होल्ट नोंदवायला लॅपटॉपला जोडलेला छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड वापरणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. लॅपटॉप झोपला की बोर्डाची वीज जाते आणि त्याच्या आतले संरक्षक डायोड सिग्नल अर्ध्या-पाऊण व्होल्टवर दाबून धरतात. ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, भाषेत कमी व्होल्ट म्हणजे गरम इंजिन. मग डिसेंबरच्या पहाटे थंडगार इंजिनाला तापलेलं समजून तो पेट्रोल आखडता हाताने देतो, गाडी स्टार्ट होत नाही, आणि निदान होतं: सेन्सर गेलाय! मधे एक लाख ओमचा रेझिस्टर आणि बोर्डाच्या बाजूला सिग्नल ते अर्थ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की हा प्रकार टळतो. खर्च एका कटिंगपेक्षा कमी.

सगळ्यात जास्त निरपराध सेन्सर पी०१७१ या कोडपायी बदलले जातात. कोड म्हणतो ‘मिश्रणात पेट्रोल कमी’, आणि फासावर जातो हे सांगणारा ऑक्सिजन सेन्सर. त्याआधी फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा, बघावा. शॉर्ट आणि लाँग टर्मची बेरीज दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलिंगला अधिक वीस आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य, असं दिसलं तर गाडी कुठूनतरी हवा घेतेय. व्हॅक्यूमचे रबरी पाइप बोटांनी वाकवून चिरा शोधाव्यात. उलट चढावर ट्रिम वाढत गेला तर फ्युएल फिल्टर किंवा पंप. एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर धूळ बसली तरी असंच होतं. तो साफ करून चालतो.

‘०४’ ही आज्ञा मात्र वाचत नाही, पुसते. कोड जातो, बिघाडाच्या क्षणाची नोंद जाते, मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या घेतलेल्या चाचण्यांचे निकाल, कोरे होतात. दिवा विझतो, म्हणून गाडी विकणाऱ्यांची ही आवडती आज्ञा. जुनी गाडी घेताना बरेच मॉनिटर ‘नॉट रेडी’ दिसले तर समजावं, बॅटरी नुकतीच काढली होती किंवा पाटी नुकतीच पुसली आहे. आणि इंजिन सुरू करण्याआधी नुसती चावी ऑन करून तो पिवळा दिवा लागतोय ना, हेही बघावं. काही जण आज्ञेच्या भानगडीत न पडता सरळ बल्बच काढतात.