आधी पोहे, मग ओळख

इंदूरच्या मराठी घरात पाहुण्याचं नाव-गाव नंतर विचारतात. आधी बशीभर पोहे, वर शेव आणि जिरावन. रामबागेत ही रीत अजून टिकून आहे म्हणे. गेमचा सर्व्हर, म्हणजे सगळ्या खेळाडूंना जोडणारं मुख्य यंत्र, चालवणाऱ्या समस्त तरुण मंडळींना कळकळीची विनंती, की आपल्या यंत्रालाही हेच वळण लावा. सर्व्हर पडेल? पडू द्या. पाहुणचारात कमी पडला असं तर कुणी म्हणणार नाही.

सुरुवात चौकशीपासून. ‘किती जण खेळताहेत, नकाशा कोणता?’ असं बाहेरून कुणीही विचारलं, की खेळाडूंच्या नावांसकट सगळी जंत्री त्याला देऊन टाकायची. १९९९ च्या क्वेक ३ या गेमने हा आदर्श घालून दिलाच आहे. ही विचारपूस यूडीपी या इंटरनेटवरच्या टपालपद्धतीने चालते आणि यूडीपी पाठवणाऱ्याचा पत्ता काही तपासत नाही. त्यामुळे एखादा महाभाग भलत्याचाच पत्ता टाकून प्रश्न विचारतो, आणि तुमचा सर्व्हर इमानेइतबारे ती जंत्री त्या भलत्याच्या दारात ओतत राहतो. अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सरकारी सायबरसुरक्षा पथकाने जानेवारी २०१४ मध्ये अशा बोलघेवड्या सेवांची यादीच काढली. त्यात क्वेकचं उत्तर प्रश्नाच्या ६३.९ पट, स्टीमचं ५.५ पट. एवढ्या उदारपणाला दाद द्यायची सोडून लोक त्याला हल्ला म्हणतात.

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणारी वाल्व कंपनी मात्र बिघडली. २०२० च्या अखेरीस तिने सर्व्हरच्या साध्या माहितीलाही अट घातली: आम्ही पाठवलेला आकडा आधी परत पाठवा, पत्ता खरा आहे हे दिसू द्या, मग बोलू. असल्या कंजूषपणाच्या नादी तुम्ही लागू नका.

आता आत आलेल्या पाहुण्याकडे वळू. त्याने आणलेलं गाठोडं न तोलता उघडायचं, हा मुख्य नियम. माइनक्राफ्ट या ठोकळे रचायच्या गेममध्ये हे फार सुरेख जमलं होतं. खेळाडूच्या हातातल्या वस्तूची माहिती सर्व्हरकडे दाबून, म्हणजे कॉम्प्रेस होऊन जाते. त्या माहितीत यादी, यादीच्या पोटात यादी, तिच्याही पोटात यादी ठेवता येई. बाहेरून पॅकेट इवलंसं. उघडलं की मेमरी आणि प्रोसेसर दोन्ही फस्त. ठोकळा ठेवणाऱ्या खेळाडूने इतक्या याद्या पाठवायचं कारणच काय, हे सर्व्हर विचारत नसे. एका संशोधकाने जुलै २०१३ मध्ये हे कंपनीला कळवलं. मग वाट पाहिली, आठवण दिली, पुन्हा वाट पाहिली आणि एप्रिल २०१५ मध्ये सगळं जाहीर करून टाकलं. त्यावर दुरुस्तीची १.८.४ आवृत्ती लगोलग आली! पावणेदोन वर्षांत जे सुचलं नाही, ते चारचौघांत लाज गेल्यावर सुचलं. तेव्हा कुणी भोक दाखवलं तर आपलं इंदुरी उत्तर तयार ठेवा: ‘देख लेंगे भिया.’

बाकी माइनक्राफ्टचा सर्व्हर मुळातच हळवा. खेळ ठोक्याठोक्याने पुढे सरकतो: सेकंदाला २० ठोके, म्हणजे एका ठोक्याला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकलं नाही तर सगळ्यांचा खेळ रखडतो, आणि एकच ठोका ६० सेकंद लांबला तर मूळ सेटिंगप्रमाणे सर्व्हर स्वतःच जीव देतो. बाहेरच्याला फारसं काही करावंच लागत नाही.

तरीही धाकधूक असेल तर संरक्षण विकत घ्या. फक्त विकणारा कोण, हे विचारू नका. २०१६ मध्ये मिराई नावाचा बॉटनेट, म्हणजे परस्पर ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज, निघाला. घरोघरचे कॅमेरे आणि राउटर कारखान्यातल्या पासवर्डांसकट तसेच जोडलेले होते. ते हाताशी धरून माइनक्राफ्टचे सर्व्हर पाडले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तीन तरुणांची कबुली जाहीर झाली. त्यांतल्या दोघांची कंपनी काय विकत होती? अशाच हल्ल्यांपासून संरक्षण. धंद्याची ही समज आपल्या सराफ्यातही सापडायची नाही. या उद्योगाला हातभार लावायचा असेल तर दुकानावरच्या सीसीटीव्हीचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’च राहू द्या. बसवणाऱ्या पोराने सांगितलेलंच आहे, ‘बदलू नका काका, विसराल.’

सामना हरलेल्या चिरंजीवांनी खाऊच्या पैशांतून दुसऱ्याचा सर्व्हर पाडायला भाड्याचा हल्ला घेतला, तर तेही कौतुकाने घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण आपला मुलगा तसा नाही, त्याला कंप्युटरची आवड आहे.

आणि एवढं करून सर्व्हर पडलाच, तर ग्रुपवर आधी नेटवाल्याला शिव्या घाला. मग रॅम वाढवा. लॉग, म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, उघडू नका. त्यात पडण्याआधीची ओळ असते, आणि ती वाचली की नेटवाल्याला शिव्या घालता येत नाहीत.