वजा दहा

आमच्या घरात किती वाजले असे विचारले, की उत्तराऐवजी "कुठल्या घड्याळात?" असा उलट प्रश्न येतो. भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असते, कारण कोणालाही उशीर होऊ नये म्हणून सौ.ने ते मुद्दाम तसे लावले आहे. परिणाम एवढाच, की प्रत्येक जण त्याच्याकडे पाहून आधी मनातल्या मनात दहा वजा करतो आणि मग निर्धास्तपणे लोळत पडतो. मायक्रोवेव्ह वीज आल्यापासून किती वेळ लोटला तेवढेच सांगतो.

एका रविवारी हा कारभार एका सुरात आणण्याचा विडा मी उचलला. प्रमाण म्हणून मोबाइल धरला, कारण त्याला नेटवर्ककडून मिळणारी वेळ अखेरीस आण्विक घड्याळांवरून येते आणि तिथे सीझियम अणूशी निगडित 9,19,26,31,770 कंपने पुरी झाल्याखेरीज सेकंद झाला असे मानतच नाहीत. इतकी काटेकोर वेळ खिशात बाळगूनही मी कार्यालयात रोज उशिरा पोहोचतो, हा भाग वेगळा.

स्टुलावर चढून भिंतीवरचे घड्याळ उतरवले. त्याच्या पोटात चिमट्याच्या आकाराचा क्वार्ट्‌झचा इवलासा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. त्या एका ठोक्यावर सेकंदकाटा सरकतो. मोठी रक्कम निम्मीनिम्मी होत एकावर येण्याची ही क्रिया पगाराच्या अनुभवामुळे मला चटकन समजली. हा स्फटिक साधारण 25 अंश तापमानाला मन लावून काम करतो. त्याहून उकडले तरी मंदावतो आणि गारठले तरी मंदावतो, म्हणून साध्या घड्याळाची महिन्याला दहा-पंधरा सेकंदांची चूक चालवून घ्यावी लागते. मी सेकंदकाटा बारावर येताच सेल काढला, मोबाइलकडे डोळे लावले आणि नेमक्या क्षणी सेल हातातून निसटून कपाटाखाली गेला. असे तीनदा झाले.

मायक्रोवेव्हचे बटण तीन सेकंद दाबून धरायचे होते. ज्याच्याकडे वेळच नाही त्याने तीन सेकंद मोजायचे कशाने, हे माहितीपुस्तिकेत दिलेले नव्हते. अशी घड्याळे पुष्कळदा विजेच्या सेकंदाला 50 आवर्तनांवर चालतात, आणि 2018 च्या आरंभी सर्बिया-कोसोव्होच्या वादात युरोपच्या वीजजाळ्याची सरासरी 49.996 वर घसरल्यामुळे तिकडची अशी घड्याळे मार्चपर्यंत सहा मिनिटे मागे पडली होती, हे मी सौ.ला ऐकवले. "अहो, आपल्याकडे आंतरराष्ट्रीय राजकारण आडवं येत नाहीये," ती म्हणाली, "तुम्हाला बटणं कळत नाहीत." ते काम अखेर मुलीने, बहुधा तीन सेकंदांतच, उरकले.

संध्याकाळी सगळी घड्याळे एकच वेळ दाखवू लागली आणि मी कृतार्थ झालो. सोमवारी सकाळी मुलीने, सौ.ने आणि खुद्द मीही भिंतीकडे पाहिले, सवयीने दहा वजा केले आणि तिघांचीही बस चुकली.

त्याच दिवशी सौ.ने ते घड्याळ पुन्हा पुढे केले. या वेळी नेमके किती, ते ती कोणालाच सांगत नाही.