बोटाचा ठसा बदलून मिळत नाही

ग्राहकांच्या वैयक्तिक माहितीचे रक्षण करणारा, देशभर लागू होणारा सर्वसमावेशक कायदा अमेरिकेत अजूनही नाही. ते काम एकेका राज्याने आपापल्या परीने केले आहे. त्यांत कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या कायद्याची चर्चा सर्वांत जास्त होते. मला मात्र त्याच्या दहा वर्षे आधी इलिनॉयने केलेला बायोमेट्रिक माहितीचा, म्हणजे बोटाचा ठसा, चेहरा अशा शारीरिक ओळखखुणांचा कायदा अधिक मोलाचा वाटतो.

त्याचे मूळ किराणा दुकानात आहे. ‘पे बाय टच’ ही कंपनी ग्राहकांना बोट टेकवून बिल चुकते करण्याची सोय देत असे. ती दिवाळखोरीत निघाली, तेव्हा देणी भागवण्यासाठी लोकांचे ठसेही मालमत्ता म्हणून विकले जातील की काय, अशी धास्ती निर्माण झाली. कार्ड रद्द करता येते, सोशल सिक्युरिटी क्रमांकसुद्धा (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) बदलता येतो, पण बोट कुठून बदलून आणणार? हा विचार त्या कायद्याच्या मजकुरातच नोंदवलेला आहे.

ठसा घेण्यापूर्वी लेखी संमती हवी आणि ग्राहकाशी शेवटचा संबंध आल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षांत तो नष्ट करायला हवा, असे हा कायदा सांगतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उल्लंघन झाल्यास सामान्य माणूस स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. हलगर्जीपणासाठी १,००० आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी ५,००० डॉलर भरपाई ठरलेली आहे. एका मनोरंजन उद्यानाने चौदा वर्षांच्या मुलाचा ठसा घेतल्याच्या प्रकरणात, प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करण्याची गरज नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. फोटोंतील चेहरे ओळखण्यावरून याच कायद्याखाली झालेल्या दाव्यात फेसबुकने तडजोडीत दिलेले ६५ कोटी डॉलर, वकिलांचा खर्च वजा जाता, अर्ज केलेल्या नागरिकांना वाटले गेले. टेक्सासमध्येही २००९ पासून असा कायदा आहे, पण तेथे दाव्याचा अधिकार केवळ महाधिवक्त्याकडे असल्यामुळे पहिला मोठा दावा उभा राहायला २०२२ साल उजाडले.

प्रत्येक स्कॅनमागे वेगळी भरपाई मोजली, तर लहान व्यवसाय बुडतील, हा उद्योगांचा आक्षेप मला रास्त वाटतो. २०२४ च्या दुरुस्तीने ती व्यक्तीमागे एकदाच केली, ते योग्यच झाले.

आपल्याकडे जिममध्ये, कचेरीत, कारखान्यात सर्रास ‘थंब मारायला’ सांगतात. नोकरी सोडल्यावर तो ठसा पुसला जातो का, हे विचारण्याची पद्धतच नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी केलेल्या २०२३ च्या केंद्रीय कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो जमा होतो भारताच्या संचित निधीत. ज्याचा ठसा फुटला, त्या कामगाराला भरपाई देण्याची तरतूद त्यात नाही. ती महाराष्ट्रातील खासदारांनी दुरुस्ती विधेयकाद्वारे मागावी, अशी माझी विनंती आहे.