थरथर इंजिनात, इलाज मुठीला

इंजिन थरथरते अशी तक्रार केली असताना हँडलच्या मुठींखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून गाडी परत देणाऱ्या मेकॅनिकला काय म्हणावे, हे मला सभ्य भाषेत सुचत नाही. कोल्हापुरीत सुचते, पण ते लिहिण्याजोगे नाही. राजदूत ३५० ही यामाहाच्या आरडी ३५० वरून भारतात बनलेली, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी त्याच्या ताब्यात देताना मी स्पष्ट सांगितले होते की पाच हजार आरपीएमच्या आसपास डाव्या फूटरेस्टला थरथर येते, ती पूर्वी नव्हती आणि उजवीकडे ती जवळजवळ नाही. निदानाला याहून जास्त काय हवे असते? त्याने टाकीवर तळहात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि ‘डबल सिलिंडर हाय, थरथरणारच’ असा निकाल दिला.

मुठींचे एक वेळ सोडून देऊ. घरी आल्यावर खाली वाकून पाहिले, तर इंजिन फ्रेमला ज्या बोल्टांनी आवळलेले असते, तिथेही रबराचे वायसर! या गाडीचे माउंटिंग मुळातच कडक असते. यामाहाने पुढे १९७६ च्या आरडी ४०० ला रबरी माउंटिंग दिले हे खरे, पण ते त्या हिशोबाने वेगळे बनवून दिले, ट्यूबचे तुकडे कोंबून नव्हे. रबर दबले की बोल्ट सैल पडतो, मग इंजिन फ्रेममध्ये हलू लागते आणि अखेरीस माउंटिंगचे कान तडकतात. म्हणजे जी थरथर घालवायला गाडी दिली, तिची कायमची सोय या गृहस्थाने करून ठेवली. शिवाय एक बोल्ट पान्याला पाईप लावून असा आवळला आहे की त्याचे डोके गोल झाले आहे. चिठ्ठीवर ‘व्हायब्रेशन काम’ असे लिहून त्याचे पैसे घेतले, आणि रबराचे वेगळे.

ज्या शहराच्या उद्यमनगरात, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात ओतकाम आणि मशिनिंग करणारी माणसे दिवसभर मायक्रॉनच्या गोष्टी करतात, त्याच शहरात मोटरसायकलची थरथर तळहाताने का मोजली जाते, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या, ही काही परदेशातून मागवण्याची वस्तू नाही.

त्यातून सल्लागारांची फौज वेगळी. एक म्हणतो, विकून टाका आणि नवी ६५० घ्या, ती बघा कशी लोण्यासारखी चालते. अहो, त्या रॉयल एनफिल्डला क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा दांडा, २७० अंशांचा आहे आणि उरलेला धक्का मारायला बॅलन्सर शाफ्ट आहे. माझ्या गाडीचा क्रँक १८० अंशांचा आहे. एक पिस्टन वर जाताना दुसरा खाली येतो, म्हणून मुख्य धक्के एकमेकांना खातात, पण सिलिंडर शेजारी शेजारी असल्यामुळे इंजिन डावीउजवीकडे डोलू पाहते. ही थरथर जन्मजात आहे, तिच्याविषयी माझे काहीही म्हणणे नाही. दुसरा महाभाग येझदीचा दाखला देतो, कारण तिला दोन सायलेन्सर आहेत म्हणजे ती डबल सिलिंडरच, अशी त्याची बालपणापासूनची श्रद्धा आहे. जुन्या येझदी अडीचशेला सिलिंडर एकच असतो, हे सांगून मी आता थकलो आहे.

खरे तर थकलो असे म्हणणेही धाडसाचे आहे. परवा पंक्चरच्या दुकानात बसल्या बसल्या मी तिथल्या पोराला वेग दुप्पट झाला की धक्क्याचा जोर चौपट कसा होतो, हे खडूने फरशीवर आकृती काढून समजावले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘काका, किती देते?’ त्या ‘काका’ने माझा उत्साह मावळला नसता, तर मी त्याला क्रँकच्या वजनांकडे वळवणार होतो.

शेवटी झाकण मीच उघडले. आधी गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये पाच हजारांवर नेली. थरथर तिथेही आली, म्हणजे चाक, टायर आणि चेन यांचा संबंध संपला. मग दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवले. उजवा कोरडा, विटकरी. डावा काळा आणि ओला. एवढे पाहायला किती अक्कल लागते? या गाडीला दोन सिलिंडरांचे दोन स्वतंत्र पॉइंट, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणारे संपर्क, असतात. डाव्या पॉइंटची टाच झिजून गॅप इतका मिटला होता की ०.३० मिलिमीटरची पट्टीसुद्धा आत शिरेना, आणि गॅप मिटला की ठिणगी उशिरा पडते. एअर फिल्टर काढून दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात बोटे घातली आणि ॲक्सिलरेटर हळूच पिळला, तर उजवी स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारी आतली झडप, लगेच उचलली गेली, डावी मात्र जागची हलायला वेळ घेत होती. एक सिलिंडर ओढतो आहे आणि दुसरा फुकट बसून जातो आहे, अशा इंजिनाने थरथरू नये तर काय करावे? गॅप लावला, टायमिंग पाहिले, केबलचा ॲडजस्टर फिरवून दोन्ही स्लाइड एकदम उचलतील असे केले आणि चेकनट आवळला. पाच हजारांची थरथर गेली.

सहा हजारांच्या वर अजून बारीकशी आहे. ती क्रँकची असावी, कारण हा क्रँक दाबून जोडलेला असतो आणि वयानुसार किंचित पिळतो. उद्यमनगरातला टर्नर म्हणाला, खोलून आणा, व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून पीळ बघू, पण क्रँकचे सील नवीन आणा. सील मागायला गेलो, तर दुकानदाराने काउंटरवर भलत्याच स्कूटरचे सील ठेवले आणि म्हणाला, ‘थोडं घासून बसवा, बसतंय.’