वेल्डिंग कुणाच्या मुलांनी शिकायचं?

नमस्कार ताई,

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी मुलांना हातानं काम करत शिकवणाऱ्या विज्ञान आश्रमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘शहरातल्या मुलांना कोडिंग आणि खेड्यातल्या मुलांना वेल्डिंग, हे कौशल्य-शिक्षण नव्हे, मजूर तयार करण्याचा घाट आहे. आजच्या कंपन्यांना इंग्रजी आणि कॉम्प्युटर लागतो.’ इतक्या पोटतिडकीनं लिहिलेल्या प्रतिक्रियेची दोन ओळींत बोळवण करणं बरं नव्हे.

तुमच्या भीतीला आधार आहे. १९५३ साली मद्रास राज्यात तेव्हाचे मुख्यमंत्री राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) यांनी एक योजना आणली होती. प्राथमिक शाळेतल्या मुलांनी थोडा वेळ वर्गात बसायचं आणि उरलेल्या वेळात आईबापांचा धंदा शिकायचा. म्हणजे कुंभाराच्या पोरानं चाकच फिरवत राहायचं. लोकांनी तिच्यातली जात बरोबर ओळखली, रान उठवलं आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मोडीत निघाली. उत्तम झालं.

पाबळचा अभ्यासक्रम मात्र याच्या नेमका उलट आहे. डॉ. कलबागांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीसाठी त्यांनी आखलेल्या विषयाला १९८७ मध्ये आपल्या बोर्डानं मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस हातकामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि चारही सगळ्यांना. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा पदार्थ करायला शिकतो, रक्तगट तपासायला शिकतो. बाप काय करतो याचा इथे काही संबंध नाही. मग यातून मजूर कसा घडेल?

आणि नुसतं वेल्डिंग हा त्यातला छोटा भाग. शाळेला फाटक करायचं आहे असं धरा. आधी माप घ्यायचं, चित्र काढायचं. लोखंडी अँगल किती फूट लागेल, त्याचं वजन किती, किलोचा भाव काय, कापताना किती वाया जाईल, वेल्डिंगचे रॉड, वीज, मजुरी, सगळं कागदावर मांडून अंदाजपत्रक करायचं. काम झालं की झालेला खर्च त्याच्याशेजारी लिहायचा. फरक पडला तर तो का पडला, हे शोधायचं. गिऱ्हाईक ‘एवढे कसे?’ म्हणालं तर न अडखळता समजावून सांगायचं. तुम्ही म्हणता त्या कंपन्यांत नव्यानं लागलेल्या मुलांची दांडी इथेच उडते. कॉम्प्युटर त्यांना येत असतो, पण काम किती दिवसांत होईल हे सांगता येत नाही आणि अडलं तर विचारायची भीती वाटते. चौदाव्या वर्षी स्वतः मोजून, चुकून, पुन्हा मोजून जे अंगात भिनतं ते नोकरी लागल्यावर आठवडाभराच्या ट्रेनिंगनं येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर पाबळला अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं उभी राहिलेली फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर आराखडा करून यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा आहे, जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. कोडिंगला माझा विरोध नाहीच.

तुमचा एक मुद्दा मात्र मला पुरता मान्य आहे. काही शाळा ‘कच्ची’ मुलं निवडून व्यवसाय विषयाकडे ढकलतात आणि हुशार समजली जाणारी मुलं गणिताच्या जादा तासाला बसवतात. मी हे पाहिलं आहे आणि मला त्याचा संताप येतो. यावर उपाय म्हणजे विषय काढून टाकणं नव्हे, तो पहिल्या नंबरच्या मुलालाही सक्तीचा करणं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या सर्व मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत, असं म्हटलं आहे. दहा दिवस फार थोडे आहेत, पण ‘सर्व’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो.

शेवटी तुम्ही विचारलंत की यासाठी वेळ कुठून आणायचा. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असतोच. तुमच्या मुलाच्या शाळेत त्या तासाला खरोखर काय चालतं, हे पुढच्या पालकसभेत विचाराल का? काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.